छाट

राजव्वा कुरापाटी, वय एकसष्ट, अशोक चौक.
खालची उजवी दाढ हलते म्हणून आलीय.
दाढ तिची नाही, मी बसवलेली,
चार वर्षांपूर्वी, हाडातल्या खुंटावर.

आतला स्क्रू ढिला झालाय. एवढंच.
पण त्याच्यापर्यंत जायला
दाढेच्या माथ्यावरचं ते इवलंसं भोक उघडायला हवं,
जे मीच बुजवलं होतं.

ड्रिल टेकवते. पांढरी भुकटी.
खाली कापसाचा बोळा.
चिमट्यानं ओढते आणि वास सुटतो,
तुंबलेल्या मोरीचा.
सिद्राम उगाच खिडकीशी जातो.

राजव्वा पदर ओठांवर घेते.
"माझाच वास की, डॉक्टरबाई?
तंबाखूचा असंल. चाळीस वर्षं बसलेय त्यात."

नाही हो. तुमचा नाही.
कापूस आहे. फटीतनं लाळ झिरपते,
तो पीत राहतो, सडत राहतो.
मी ठेवला होता. घाई होती त्या दिवशी,
बाहेर सातजण, लाइट जायची वेळ.

हे मोठ्यानं म्हणते, सिद्रामच्या देखत,
आणि कान तापतात.

ती हसते, आ वासलेल्या तोंडानंच.
"गिरणीतला कापूस मालकांच्या छातीत गेला,
माझ्या दाढेत बी आला व्हय."

धुते. पुन्हा धुते.
स्क्रू आवळते पस्तिसाच्या खुणेपर्यंत.
दहा मिनिटं थांबायचं, मग परत पस्तीस.
आता काय भरणार, ती विचारते.
दाखवते: नळवाल्याची पांढरी टेप,
मंगळवार पेठेतली, वाफेवर शिजवून घेतलेली.
एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवते,
हा भरायचा नाही, नुसता बघायला.

बोटं विचारत नाहीत कुणाला.
वळतात, सरकवतात,
अंगठ्याच्या नखानं तोंड मोडतात.
"लई दाबलं तर पान फाटतं,
सैल सोडलं तर माल सांडतो.
उघड्या तोंडाची घावली
की चेकर छाटात टाकतो.
मजुरी कापतो त्या दिवसाची."

माझा बोळा चार वर्षं कुणी तपासला नाही.

टेप दाबते, लई नाही.
वर दाताच्या रंगाचा थर, वीस सेकंद निळा उजेड.
कार्बनचा कागद. चावा. टकटक करा.
नेमका बुजवल्या जागी एक निळा ठिपका उठतो,
तो घासून काढते.
उद्या परत उघडावं लागलं
तर टेप अख्खी निघून येईल,
असं सांगते. ती मान डोलवते,
जिभेनं चाचपते, भोक सापडत नाही.

पैसे किती?
काही नाही, राजव्वा. ही माझी छाट.

ती जिना उतरते, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.
ट्रेमध्ये राहिलीय ती पांढरी बिडी,
नखाएवढी, तोंड मिटलेली.
सिद्राम टाकायला उचलतो.
थांब म्हणते.
नाकाशी धरून बघते.
कसलाच नाही.