पाचातलं एक

हळकुंड मोडलं की वाजतं.
नीट शिजलेलं, नीट वाळलेलं असलं तर
पत्र्यावर खडा पडावा तसं, टण्ण.
कच्चं राहिलेलं नुसतं फुसकन तुटतं.
सांगलीच्या यार्डात सव्वीस वर्षं
मी हा आवाज ऐकून माल सांगत आलो.
पोत्यात हात, एक हळकुंड, एक कट्‌,
आणि शेठची मान हलायची.
किती वेळा हलली, मोजलं नाही.

गेल्या माघात रायबागच्या एका गाडीला
मी पहिला नंबर दिला
तर शेठ सगळ्यांसमोर म्हणाले,
"मगदूम, कान गेलं का काय ओ तुमचं?"
हमाल हसले. शेठही हसले. चहा आला.
मीही घेतला.
हे मात्र मोजलं.

मग हळकुंड दोनदा मोडायला लागलो,
मग तीनदा. तुकड्याचे तुकडे,
नखात पिवळी धूळ, कानात काहीच नाही.
घरी पद्मजा म्हणाली, आमटी खारट झालीय का आज?
मी म्हणालो, माझंच चुकलं.
चैत्रात यार्डाला जाणं सुटलं.
वैशाखात दाढी.

मिरजेच्या दवाखान्यात गोळ्या लागल्या,
आणि तनुजा बिरनाळे नावाची मुलगी
कॉम्प्युटर घेऊन समोर बसली.
अभ्यास होता तिचा कसलासा.
"दोन रंग दिसतील, काका. एक निवडायचा.
एक रंग बहुतेक वेळा बरोबर असतो.
पण मशीन पाचातून एकदा
मुद्दाम खोटं बोलतं.
चूक म्हणालं म्हणून लगेच बदलायचं नाही."
मी म्हटलं, कळलं.

निळा. बरोबर.
निळा. बरोबर.
निळा. बरोबर.
निळा. चूक.
पिवळा.

मला ठाऊक होतं ते खोटं आहे.
बोटाला ठाऊक नव्हतं.

शेवटी तिनं कागद काढला, बराच वेळ बघितला.
"मशीन जिथं जिथं खोटं बोललं
तिथं तिथं तुम्ही त्याचं ऐकलंत."
आणि बरोबर म्हणालं तिथं?
"तिथं फारसं काही हललं नाही."
पाठच्या कोऱ्या बाजूवर तिनं मेंदू काढला,
जरासा बटाट्यासारखा.
"ही जागा 'चूक' ऐकली की पेटते. सगळ्यांचीच पेटते.
पण वरून कुणीतरी तिला म्हणतं, बास, बस खाली.
तुमच्यातलं ते कुणीतरी सध्या रजेवर आहे."
बिनपगारी? मी विचारलं.
ती हसली. मी तिच्या हसण्याकडे
संशयानं बघितलं.

परतीच्या रिक्षात हरिपूरची पेवं आठवली.
वडील तिथं कामाला होते.
जमिनीच्या पोटात हळद, तोंड बंद,
वर्षं गेली तरी कीड नाही, रंग उतरत नाही.
मी शेठचं ते वाक्य तसंच ठेवलं होतं,
वर माती लिंपून.
हललेल्या माना सगळ्या बाहेर, उघड्यावर,
एका वावटळीत गेल्या.

पेव उघडलं की वडील लगेच उतरत नसत.
आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे.
विझला, की वर ओढायचे
आणि काठावर तंबाखू मळत बसायचे,
कधी दुपारपर्यंत.
मी लहान. म्हणायचो, आप्पा, हळद नासली काय?
ते म्हणायचे, हवा नासलीय रं.
हळदीला काय धाड भरलीय.

आता पुन्हा माघ आहे.
गोळी सकाळची एक राहिलीय, रात्रीची बंद.
आज कवठ्याचा माल. हात घातला, मोडलं.
टण्ण.
मी शेठकडे बघितलं.
ते मोबाईलमध्ये होते. मान हलली नाही.
कुठंतरी आत पेटलं,
आणि दुसरं हळकुंड माझ्या हातात आलेलं होतं,
अंगठा वाकलेला.

किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे.
एक हमाल म्हणाला, काका, सरका.
सरकलो.
"पहिला नंबर," म्हणालो, जरा मोठ्यानंच,
आणि ते दुसरं, न मोडता, खिशात टाकलं.

रात्री पद्मजा धुण्याला बसली.
"सदऱ्याचा खिसा पिवळा कशानं केला?"
माझंच चुकलं म्हणायला
तोंड उघडलंही होतं.

"हळद आहे," म्हणालो.