बशीवरचा थेंब

सत्तावीस वर्षं मी तुर्भ्याच्या कारखान्यात
सॉस चाखला.
दिवसाला चाळीस चमचे. जिभेवर फिरवायचा,
स्टीलच्या बेसिनमध्ये थुंकायचा,
वहीत लिहायचं: आंबट ठीक, गोड ठीक, रंग ठीक.
लोबोसाहेब म्हणायचे, गिळायचं नाही,
गिळलं की आवड सुरू होते
आणि आवडीला पगार नसतो.

टोमॅटो त्यात होता. म्हणजे, होता.
भोपळाही होता, मक्याचं पीठ होतं,
आणि एक लाल, ज्याचं नाव फक्त आकड्यांत होतं.

घरी बाटली कधी आणली नाही.
हेमलता भज्यांसोबत चिंचेची चटणी ठेवायची
आणि आमची पोरं शेजारी जाऊन सॉस खाऊन यायची,
ओठ पुसत,
जशी इतरांची पोरं सिगारेट ओढून येतात.

परवा वाशीच्या मार्केटात भाव पडला.
दुपारी बाराला कॅरेट साठ रुपये.
हमाल म्हणाला, दोन न्या काका, नाहीतर गुरांपुढे जाईल.
दोन आणली.
कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत चाळीस किलो टोमॅटो:
दिवाणाखाली, शिलाई मशीनवर,
देवघराच्या खालच्या फळीवर.
हेमलता म्हणाली, आता करून दाखव.
इतकी वर्षं सांगतोस ना, कारखान्यात होतो.

होतो. पण मी फक्त शेवट पाहिला होता.
तिथे वाफेची कढई होती घराएवढी,
इथे लग्नातलं पातेलं, बूड जरा वाकडं,
आणि साल-बिया काढायला
माळ्यावरून उतरवलेलं पुरणयंत्र.
त्याच्या भोकांत गेल्या होळीची डाळ अडकलेली.
असू दे, म्हणाली, चव येईल.

मलमलच्या पुरचुंडीत लवंग, दालचिनी, मिरी,
ठेचलेला लसूण, कांदा.
साखर आधी तिसरा हिस्सा, बाकीची शेवटी,
नाहीतर रंग काळवंडतो. एवढं मात्र मला ठाऊक होतं.
व्हिनेगर पडलं तेव्हा सगळा मजला शिंकला.
वरचे नाडकर गॅसवाल्याला फोन लावणार होते.

रटरट. रटरट. चार तास.
उडालेले ठिपके कॅलेंडरपर्यंत पोचले,
एक नेमका एकोणीस तारखेवर बसला.
त्या दिवशी काय आहे, आता कळत नाही.

बशीवर थेंब टाकायचा. थांबायचं.
थेंबाभोवती पाण्याची कड सुटली
तर अजून आटलं नाही.
सुटली.
पुन्हा सुटली.
कारखान्यात ही कड मी कधी पाहिली नाही,
तिथे पीठ पाण्याला धरून उभं राहायचं,
पैसे देऊन आणलेल्या साक्षीदारासारखं.
इथे मी आणि पळी.

रात्री साडेदहाला नाही सुटली.
चाळीस किलोंच्या अकरा बाटल्या.
बाटल्या खालच्या वाईन शॉपच्या, रमच्या,
दोनदा उकळल्या
तरी हेमलतानं एकेक हुंगून पाहिली.

सकाळी फसूबाई भोईर आली,
जिच्या सासऱ्याच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी आहे.
हे ती कधी बोलून दाखवत नाही,
फक्त जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थोडी बसते.
बोट बुडवलं, चाटलं.
“गोर हाय. पोरांचा हाय.”
आणि अर्धी बाटली घेऊन गेली.

तासाभरानं वाटी घेऊन परत.
भाजलेला जवळा, लसूण, ठेचलेली हिरवी मिरची,
कोकमाचं आगळ, वर तेलाचा तवंग,
आणि खाली कुठेतरी माझे चार तास.
तांदळाच्या भाकरीवर ओतून पुढे केली.
“आता खा.”

खाल्ली. कानामागे घाम.
दुसरा घास. तिसरा.
हेमलता वही उघडून बसलेली,
म्हणाली, काय लिहू?

मी सवयीनं बेसिनपाशी गेलो.
तोंडात काहीच नव्हतं.