सामू सहा

एकतीस वर्षं मी माती वाचली.
कापडी पिशवीतून यायची, तोंडाला सुतळी, आत चिठ्ठी :
गट नंबर, गाव, मागचं पीक, पुढचं पीक.
पलूसची काळी, बोटांना सोडायची नाही.
जतची भुरी, चाळणीतून पडताना वाजायची.
आणि नदीकाठची ती, उसासाठी पाणी पिऊन पिऊन खारावलेली,
वर पांढरा पापुद्रा, दुधावर साय धरावी तसा.
सामू, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश,
खाली माझी सही, कां. बा. मगदूम,
जिच्या भरवशावर माणसं रानात जिप्सम ओतायची.

आता विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
मागच्या खोलीत पाच पांढरे पाइप.
पाइपला भोकं, भोकांत जाळीचे पेले,
पेल्यांत स्पंजचा चौकोन, काडेपेटीएवढा.
भाचा अभिनंदन दोन रविवारांत जोडून देऊन गेला.
कोथिंबीर, पुदिना, सब्जा,
आणि ती कुरळ्या पानांची लेट्यूस,
जिला वन्सं ‘लाटूस’ म्हणतात, माहेरच्या कुणाचं नाव घेतल्यासारखं.
जांभळा दिवा लागला की समोरच्या गॅलरीतून विचारणा :
फोटो स्टुडिओ काढलाय का?

जुन्या सवयीनं वहीत तेच रकाने आखले.
‘मातीचा प्रकार’पाशी पेन अडलं.
खोडावं म्हटलं, हात होईना.
शेवटी आडवी रेघ मारली आणि पुढं गेले :
सामू सहा.
सहाच हवा. साडेसहाला पानं पिवळट होतात,
मग मी थेंबाथेंबानं आम्ल सोडते,
डोळे बारीक करून, पूर्वीसारखी.

मुळं मात्र मी अशी कधी पाहिली नव्हती.
नमुन्यात यायची ती तुटलेली, वाळकी,
चाळून बाजूला काढायची.
ही पेला उचलला की खाली लोंबतात,
न्हाऊन सोडलेल्या केसांसारखी,
कशालाच धरून नसलेली.

वन्संनी चष्मा लावून बघितलं.
चातुर्मास लागायला चार दिवस होते.
“माती नाही, म्हणजे मातीतले जीव नाहीत.
किडा नाही, औषध नाही.
मग ही पानं चालतील का गं?”
मी म्हटलं, मला नत्र कळतं, हे नाही कळत.
त्या बराच वेळ पुदिन्याकडं बघत राहिल्या.
“नकोच,” म्हणाल्या. “जिभेला कारणं सापडतात.”

पंधरवड्यानं वीज गेली.
खणभागाकडं पाणी वाढत होतं,
आयर्विनचे फूट तासातासाला मोबाइलवर येत होते,
आणि कुठलासा ट्रान्सफॉर्मर बंद ठेवलेला.
रात्री एकच्या सुमाराला पंपाची घरघर थांबल्यावर
मला जाग आली, पाळण्यातलं पोर गप्प झालं की येते तशी.
पाइपात पाणी उभं. मुळांना हवा नाही.
खालच्या टबातून तांब्यानं उपसायचं, वरच्या तोंडात ओतायचं,
ते पाचही पाइप फिरून खाली येईस्तोवर पुन्हा उपसायचं.
बाहेर पाणी फार झालेलं,
आत मी तेच तेच वीस लिटर हलवत बसलेली.

मागं प्रकाश पडला. वन्सं, हातात बॅटरी.
“तुम्ही झोपा,” मी म्हटलं, “तुम्हाला तर खायचीही नाहीत.”
“खायची नाहीत, म्हणून मरू द्यायची?”
आणि तांब्या माझ्या हातातून घेतला.

साडेचारपर्यंत आळीपाळीनं.
मधे त्यांनी विचारलं, एकतीस वर्षांत
कुणाची माती परत पाठवली का, काही होणार नाही म्हणून?
मी म्हटलं, एकाची. सामू नऊ पॉइंट चार.
नाव सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

वीज आली तेव्हा दिव्याआधी पंप बोलला.
लाटूसची दोन रोपं मान टाकून बसलेली,
बाकी उभी.
वन्सं पदराला हात पुसून पाटावर टेकल्या.
पुदिन्याला बोटं घासली होती रात्रभर,
त्यांचा वास येत होता खोलीभर.
तो चालतो का,
ते त्यांनी विचारलं नाही.