दोन ते आठ

रात्री दोन ते सकाळी आठ फुकट,
असं योजनेच्या कागदावर छापलं होतं,
म्हणून आमच्या घरात पावणेदोनचा गजर लागायचा.
विश्रामबागेत त्या वेळी कुत्री जागी असायची
आणि मी.

मोडेमला चार दिवे.
तिसरा स्थिर झाला की जग,
तिसरा लुकलुकला की नुसती सांगली.
लाइनमन इलाही शिकलगार खांबावरनं ओरडून सांगायचे,
"ताई, जॉइंटात पाणी गेलंय. वाळू दे की जरा."
वाळायला चार-चार दिवस लागायचे.
तक्रार नंबर मी वहीच्या मागच्या पानावर लिहायची,
सतरा झाले तेव्हा पान उलटलं.

पहिल्या महिन्यात भावानं भरदुपारी
कसलंसं गाणं उतरवून घेतलं.
बिल आलं तेवीसशे.
आईनं ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं.
"दोन पोती शाळू आला असता,"
एवढंच बोलली, आणि आठवडाभर
त्या खोलीत केर काढला नाही.

मग केबलवाले सुकुमार चौगुले आले.
महिना साडेतीनशे, दिवस-रात्र, मोजमाप नाही.
त्यांची वायर टाकीवरून शेवग्यावर,
शेवग्यावरून माळ्यांच्या गच्चीवर,
तिथून आमच्या खिडकीत.
माळीकाकू त्याच वायरीवर गोधडी वाळत घालायच्या.
गोधडी ओली असली की पान उघडायला
चहा होऊन थंड व्हायचा.
संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की
अख्ख्या गल्लीचं नेट झोपायचं,
आणि चौगुले फोनवर म्हणायचे,
"वरूनच प्रॉब्लेम आहे."
वर म्हणजे कुठे, हे आम्ही कधी विचारलं नाही.

सरकारी की चौगुले?
मी कागदावर दोन रकाने आखले.
आप्पा चष्मा पुसत म्हणाले,
"एका चालीला किती वेळ घेतो, ते बघ. बाकी सोड."

आप्पांनी एक डाव कार्डांवर खेळलेला,
अकोल्याच्या कुणा सब-पोस्टमास्तरांशी.
सव्वादोन वर्षं.
एक चाल जायला पाच दिवस, यायला सहा,
संपात महिना.
"पण मधेच तुटला नाही कधी," म्हणायचे,
आणि वर, "हरलो मी. ते वेगळं."

त्या रात्री तिसरा दिवा स्थिर होता.
समोर नॉर्वेचा कुणीतरी, नाव फक्त नॉर्डलिस एकाहत्तर.
माझा एक हत्ती जास्त,
प्यादं सातव्या घरात,
घड्याळात चार मिनिटं.
इतकं चांगलं मी आयुष्यात खेळले नव्हते.
प्यादं उचललं, शेवटच्या घरात ठेवलं,
आणि ते वजीर झालंच नाही.
तसंच अधांतरी, बाणाच्या टोकाला.

दिवा लुकलुकला. फोन उचलला, तर त्यात समुद्र.
चौगुल्यांची वायर लावून बघितली, तीही मेलेली.
घड्याळ तिकडे, त्याच्याकडे, चालूच असणार.
मी मोडेम बंद केला, चालू केला,
बंद केला, चालू केला,
उशीवर डोकं आपटलं,
शिकलगारांना, चौगुल्यांना, दोन्ही खात्यांना
आवाज न करता शिव्या दिल्या.

आप्पा केव्हा उठले, कळलं नाही.
पडद्यावर गोठलेला डाव बघून
त्यांनी लाकडी पट काढला,
सगळं जसंच्या तसं मांडलं.
त्याच्या बाजूला स्वतः बसले.
"आता कर वजीर."
केला.
त्यांनी राजा एक घर मागे घेतला, मग आणखी एक,
बराच वेळ बघत राहिले,
आणि राजा आडवा केला.

सहाला दूधवाला आला, सात वाजता लाइन आली.
पडद्यावर लिहिलेलं होतं: वेळ संपल्याने पराभव.
खाली त्या माणसाची एक ओळ,
तोडक्या इंग्रजीत, अर्थ असा की
पुन्हा कधी येशील?
तो गेलेला होता.

आप्पा दाढीचा साबण लावून दारात उभे.
"पत्ता नाही का गं त्याचा?
कार्ड टाकलं असतं."