अकराव्या मिनिटाला

हामरफेस्टला डिसेंबरात पडदे ओढावे लागत नाहीत.
दुपारी दोनलाच बाहेर मिट्ट,
बंदरातल्या बोटींचे दिवे तेवढे.
मी नुसती ट्यूबलाइट बंद करते
आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एकोणीस मुलं
खुर्च्यांत जरा खाली सरकतात.

फिल्म नऊ वर्षं तीच.
म्हातारा, खाट, सलाइन.
नर्स येते, थेंब मोजते, चादर सारखी करते,
घड्याळ बघते, जाते.
म्हाताऱ्याचा हात पाण्याच्या ग्लासापर्यंत
पोहोचत पोहोचत राहतो.
अकराव्या मिनिटाला मी थांबवते.

काय दिसलं?

सिंद्रे म्हणतो, तिने हात धुतले नाहीत.
बरोबर.
थोरुन म्हणते, खाटेचा कठडा खालीच राहिला.
तेही बरोबर.
पेनं कुरकुरतात,
सुक्या माशाच्या खवल्यांवरून नख फिरवावं तशी.
मग कुणीतरी एकदाचं ‘ग्लास’ म्हणतं
आणि वर्ग गप्प होतो.
त्या गप्प होण्यालाच मी इतकी वर्षं
शिकवणं म्हणत आले.

यंदा मागच्या रांगेतली इंगा-मारेत,
कारासयोकची, रेनडियर पाळणाऱ्यांच्या घरची,
म्हणाली, जरा मागे घ्या.
अजून. अजून थोडं.
हां.

दार. चौकटीवर नर्सचा हात.
पाऊल बाहेर पडलेलं, टाच अजून आत.

‘तिला कळलंय काहीतरी राहिलंय,’ इंगा-मारेत म्हणाली,
‘काय राहिलंय ते सापडत नाहीये.
माझा काका कळप कधी मोजत नाही,
पण एक जनावर कमी असलं तर
बर्फात असाच उभा राहतो,
ते कुठलं, हे आठवेपर्यंत.’

नऊ वर्षं. शंभरदा तरी.
तो हात मला दिसला नव्हता,
किंवा दिसला असेल
आणि मी फिल्म पुढे ढकलली असेल.

वॉर्ड तीन. ओस्मुन नावाचा मच्छीमार,
नाकात नळी, पायांना सूज.
‘किती वाजले?’ त्याने विचारलं.
‘चार दहा,’ मी म्हटलं.
घड्याळात बघून, अगदी नेमकं.
मग दारात थांबले होते.
किती वेळ, त्याचं चित्रण कुणी केलेलं नाही.
सहाला त्याच्या खाटेवर
धुतलेली चादर घातली, तीही मीच,
कोपरे काटकोनात दुमडून.

‘दिवा लावू का?’ सिंद्रेने विचारलं.
थांब जरा, म्हटलं.
पडद्यावर ती बाई अजून दारातच होती,
थांबवलेलं चित्र किंचित थरथरत होतं.

मुलं लिहायला लागली.
मीही एक कागद ओढला, पहिल्यांदाच,
त्याच उजेडात.
वर तारीख घातली.
खाली वेळ: चार दहा.
त्याच्यापुढे
घंटा होईपर्यंत
पेन तिथेच टेकलेलं.