भुसारी लाईनीतले चार काटे

जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ती गाडी आली तेव्हा
लोकांना वाटलं, कुण्या ठेकेदाराच्या पोराची असेल.
दोन दारं, बसकी, पिवळी.
निघाली डॉक्टर कुंदा ढोमणेंची,
जनावरांच्या दवाखान्यातल्या, वय सत्तेचाळीस,
त्याच पहाटे म्हशीच्या पोटातलं आडवं रेडकू
सरळ करून आलेल्या.

"महिन्यानं कोइमतूरले न्यायची हाये. ट्रॅकवर.
शर्यत नाही. नुसती पळवाची."
"काहून पण?"
"विसाव्या फेरीत बी ब्रेक लागते का,
थे पाहाचं हाये."

यावर मी काय बोलणार. पाने काढले.

आधी सगळं काढायचंच काम.
मागची सीट, स्टेपनी, जॅक, गाण्याचा डबा,
पायाखालचा गालिचा, त्याच्याखालचं डांबरी अस्तर
(ते छिन्नीनं खरवडलं, दोन रात्री).
डाव्या सीटखाली सापडली एक टोलची पावती
आणि लहान मुलाचा एक मोजा.
कुण्या आधीच्या मालकाचा असेल.
डॉक्टरांनी तो धुऊन तारेवर वाळत घातला.
अजून तिथंच आहे.

एअर फिल्टरमधून ओंजळभर रुई निघाली.
आठच दिवस झाले होते गाडी येऊन;
इथं श्वास घ्यायचा म्हणजे कापूस आलाच.

ब्रेकला वारा लागावा म्हणून
मोटरपंपाचा नागमोडी पाईप कापला,
बंपरमधून चाकापर्यंत नेला.
पुढे ओढायची कडी बसवली, लाल रंगवली.
"बंद पडली तं ओढाले," मी म्हटलं.
"म्हंजे वेसण," डॉक्टर म्हणाल्या.

मग ब्रेकचं तेल. जुनं निघालं
उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं.
अफसर पेडलवर, मी चाकापाशी उताणा:
दाब.
धर.
धर म्हनतो ना!
सोड.
लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे,
नळीतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत.
संध्याकाळी डॉक्टरांनी पेडल दाबून पाहिलं,
डोळे मिटून, गाभण गाईचं पोट चाचपावं तसं.
"कुठीच मऊ लागत नाही," म्हणाल्या.

राहिलं वजन.
कोणत्या चाकावर किती, ते कळल्याशिवाय
गाडी वळणात खरं बोलत नाही.
भुसारी लाईनीतून चार काटे मागून आणले,
तीनशे-तीनशे किलोचे, फटीत तुरीचा भुसा तसाच.
गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं जमीन एका पातळीत घेतली,
काट्यांवर गाडी चढवली.

"डॉक्टर, आता तुमी बसा.
तुमच्याबिगर हिचं वजन खोटं."

त्या जरा थांबल्या.
"अफसर, आकडे मोठ्यानं वाचू नको."

हेल्मेट घालून, हात स्टिअरिंगवर, दोन तास.
मी स्प्रिंगची चकती अर्धा फेरा वर,
पाव फेरा खाली, पुन्हा वर.
फोन दोनदा वाजला, कुणाची तरी शेळी.
माणसाला इतका वेळ काहीच न करता बसवणं
हे त्या महिन्यातलं सगळ्यात अवघड काम.
तिरप्या बेरजा जुळत आल्या, थोडक्यात अडल्या.
"खिसे खाली करा," मी म्हटलं.
थर्मामीटर, दोन सुया, टाक्याचा दोरा,
गोळ्यांची पट्टी, वाकलेली एक किल्ली.
काटा हलला.

ट्रकवर चढून गाडी गेली त्याला चार दिवस झाले.
डावी सीट माझ्याकडे राहिली.
ती फळीवर बोल्टनं कसली, शेडच्या तोंडाशी ठेवली.
गिऱ्हाईक बसतात, एक मांजर बसतं.

आज दुपारी त्या ट्रॅकवर असतील.
अफसर जेवायला गेला तेव्हा मी त्या सीटवर बसलो,
पट्टा लावला.
समोरचा रस्ता तळेगावपर्यंत सरळच जातो,
तरी एका जागी वाटलं, आता वळण,
आणि उजवा पाय आपोआप
जमिनीत दाबला गेला.
दाबला.
धरला.