धडा

वार्डो बंदर, नोव्हेंबर, दोन हजार नऊ.
सूर्य आता आठवड्याभराचा पाहुणा,
मग थेट जानेवारीत.
माझं काम मासळी तोलायचं.
रिकामा खोका, बर्फ, यांचा आधी धडा करायचा,
उरेल ते कॉडचं खरं वजन.
बारा वर्षांत एका ग्रॅमचा वाद नाही.

सत्ताविसावा आठवडा लागलाय.

सुईण बेरग्ल्यूतचा फोन:
लस आलीय पहाटेच्या बोटीनं,
गुरुवारी ये, बाही वर जाईल असा स्वेटर घाल.
जणू ठरलंच आहे.

आई म्हणते, नको.
तिच्या गल्लीत साठ साली ऑडवार जन्मला,
हात खांद्याशीच संपलेले.
त्याच्या आईनं झोपेची गोळी घेतली होती फक्त,
डॉक्टरनंच दिलेली.
दातांत पेन्सिल धरून तो बोटी काढायचा.
एक अजून आहे आईच्या फ्रिजवर,
शीड जरा कललेलं.

आणि पॅकिंगमधली तूरिड,
माझ्याहून तीन आठवडे पुढे.
ऑक्टोबरात नुसती खोकत होती.
आता त्रोम्सोला, नळीवर.
बाळ काढलं. तिला अजून माहीत नाही.
तिचा एप्रन खुंटीवर तसाच, कुणी हात लावत नाही.

मी डॉक्टरला विचारलं,
माझ्यासारख्या कितीजणींवर तपासलीत?
खरं बोलला बिचारा. म्हणाला, थोड्या.
आणि तूरिडसारख्या किती?
तो खिडकीबाहेर बघत राहिला,
तिथं काहीच दिसत नव्हतं.

या पारड्यात न घडलेलं,
त्या पारड्यातही न घडलेलंच.
धडा कशाचा करू? भीतीचा केला
तर काट्यावर उरतं काय?
आर्वे म्हणतो, तू म्हणशील तसं.
अरे, हे तर पासंगालाही पुरत नाही.

गुरुवारी डावा हात पुढे केला.
उजव्यानं खोके ओढायचे असतात.
ठरवलं कधी, ते विचारू नका;
स्वेटर मात्र सैल बाहीचा घातला होता.

रात्री दंड ठणकत राहिला.
आत काहीतरी हललं, टाच असेल, कोपर असेल.
हात, म्हटलं मनात. दोन्ही.
आईला फोनवर सांगितलं.
ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, जेवलीस का?

सकाळी पहिला खोका काट्यावर ठेवला
आणि शून्य करायचं विसरले.
बोटीवरून म्हातारा हल्वर ओरडला,
काय गं, बर्फाचेही पैसे देतेस आज?
हो, म्हटलं.
आज बर्फही धरा.